नाताळचा फराळ आणि पंगत: मराठवाड्यातल्या थंडीत कामाचा क्रम कसा लावावा

नाताळच्या फराळात करंजी, चकली, शंकरपाळी, अनारसे हेच पदार्थ असतात. मग दिवाळीसारखंच करायचं, त्यात नवीन काय, असं नव्या सुनांना आणि पहिल्यांदाच घर मांडलेल्या मुलांना वाटतं. फरक हवेचा असतो. दिवाळीला हवेत थोडा ओलावा शिल्लक असतो, पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जालना, परभणी, नांदेडकडे कोरडी थंडी पडते आणि परभणीत तर पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. तूप थिजतं, पारी वाळते, पीठ आंबायला वेळ घेतं, लोणी दगडासारखं होतं. एक फायदाही आहे: या हवेत तळण जास्त दिवस कुरकुरीत राहतं. म्हणून नाताळचं काम आधीपासून आणि क्रमाने केलं, तर 24 तारखेला घरची बाई चुलीपुढे न अडकता सगळ्यांबरोबर उपासनेला जाऊ शकते. माझ्या दृष्टीने या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाककृती नाही, हा क्रम आहे.

आपल्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्या जुन्या आहेत. जालन्याजवळचं बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलं. त्यामुळे नाताळच्या ताटात इथल्या रानातलं आणि बाजारातलं जे असतं तेच आलं आहे: सुकं खोबरं, गूळ, खसखस, काळा मसाला आणि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं आणि मसाल्यांचं पीठ. किनाऱ्यावरच्या घरांत ओल्या नारळाची आणि नारळाच्या दुधाची मिठाई होते. ती चवीला सुंदर असते, पण आपल्याकडे ओला नारळ महाग आणि तो घातलेला पदार्थ टिकतही नाही. त्यामागे न लागता आपलंच नीट करावं असं माझं मत आहे.

आधी हिशोब

कागद घ्या आणि दोन आकडे लिहा. ताटं किती घरांत जाणार आणि पंगतीला माणसं किती. एका ताटात साधारण तीन करंज्या, दोन अनारसे, चार-पाच चकल्या, मूठभर शंकरपाळी, चार नानखटाया आणि केकचा एक तुकडा धरावा. पंधरा घरं असतील तर पंचेचाळीस करंज्या नुसत्या वाटपाला लागतात. घरात खायला आणि कॅरलवाल्या मुलांपुढे ठेवायला तेवढ्याच आणखी. म्हणजे खाली दिलेलं करंजीचं प्रमाण दोनदा करायचं. हा हिशोब केला नाही, तर 23 तारखेला खोबरं संपतं आणि दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो.

किराणा 10 तारखेच्या आत भरा. नंतर सुकं खोबरं आणि चारोळी चांगली मिळत नाही. खोबऱ्याची वाटी फोडून वास घ्या. खवट खोबऱ्याची करंजी चार दिवसांत घशाला लागते आणि मग सगळा डबा वाया जातो.

10 ते 15 डिसेंबर: मोसंबीची साल, सुका मेवा आणि अनारशाचे तांदूळ

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि तरीही केकसाठी आपण बाजारातली रंगीत साल विकत आणतो. ते सोडा. चार-पाच जाड सालीच्या मोसंब्या घ्या, रस काढून झाकून ठेवा. साली धुऊन पाण्यात घाला, पाच मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या. असं तीनदा करा. कडूपणा याच पाण्यातून जातो, म्हणून एकही खेप गाळू नका. मग सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याने थोडा खरवडा आणि सालीचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. जेवढे तुकडे तेवढीच साखर आणि तेवढंच पाणी घालून मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास शिजवा. तुकडे काचेसारखे पारदर्शक दिसू लागले की उतरवा. चाळणीत निथळून ताटात पसरा, जाळीखाली ठेवून दोन रात्री वाळू द्या. वरून पिठीसाखर भुरभुरून बरणीत भरा. उरलेला पाक फेकू नका, त्याला मोसंबीचा चांगला वास असतो. केकच्या कॅरॅमलमध्ये पाण्याऐवजी तोच घालता येतो.

सुका मेवाही याच वेळी. केकला एकूण 300 ग्रॅम मेवा लागतो, त्यात काळे मनुके, किसमिस, बिया काढून चिरलेला खजूर आणि आत्ता केलेली मोसंबीची साल धरा. बऱ्याच घरांत दारू चालत नाही आणि चवीला तिची गरजही नाही. मोसंबीचा एक वाटी रस उकळा, त्यात मनुके, किसमिस, खजूर टाकून पाच मिनिटं शिजवा, गार करून बरणीत भरा. ही बरणी फ्रिजमध्येच ठेवायची. नुसत्या कच्च्या रसात भिजवून बाहेर ठेवलं तर थंडीतही आंबतं.

आता अनारसे. सगळ्या फराळात यांनाच सर्वांत जास्त दिवस लागतात, म्हणून यांच्यापासून सुरुवात. एक किलो जुने जाडे तांदूळ 12 तारखेला सकाळी भिजत घाला. नवे तांदूळ चिकट असतात, ते नकोत. तीन दिवस रोज पाणी बदला. चौथ्या दिवशी, म्हणजे 15 ला, पूर्ण निथळून घरातच सुती कापडावर पसरा. उन्हात टाकायचे नाहीत. दिवाळीत याला दोन तास लागतात, डिसेंबरच्या कोरड्या हवेत तास-सव्वा तासात काम होतं, त्यामुळे मधूनमधून हात लावून पाहा. मुठीत घेतल्यावर तांदूळ हाताला चिकटतील पण पाणी लागणार नाही, इतपत ओलसर असतानाच मिक्सरवर बारीक करून मैद्याच्या चाळणीने चाळा. मूठभर पीठ बाजूला काढून कोरडं ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

बाकी पिठात पाऊण किलो किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप घालून घट्ट मळा. या दिवसांत गुऱ्हाळं नुकतीच सुरू झालेली असतात आणि नवा मऊ गूळ बाजारात येतो. खायला तो फार छान, पण अनारशाला नको. त्यात ओल जास्त असते आणि पीठ पातळ होतं. गेल्या हंगामातला कडक, कोरडा पिवळा गूळ घ्या. चिक्कीचा गूळही चालत नाही. गोळा डब्यात दाबून भरा, झाकण घट्ट लावा. दिवाळीत चार दिवस पुरतात. आता सहा-सात दिवस द्या आणि डबा चुलीच्या किंवा गॅसच्या जवळच्या फळीवर ठेवा.

16 ते 18: भाजणी आणि गिरणी

चकलीची भाजणी चार-दोन-एक-एकच्या प्रमाणात: तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो, मुगाची डाळ पाव किलो. वर एक वाटी जाडे पोहे, पाऊण वाटी धने आणि पाव वाटी जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत वाळवा आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, हाताला खडखडीत लागलं की पुरे. जास्त भाजलेल्या भाजणीची चकली तळताना तुकडे होऊन सुटते.

गिरणीवर सकाळी जा आणि आधी काय दळलंय ते विचारा. ज्वारी किंवा तांदूळ दळून झाल्यावर आपली भाजणी टाकायला सांगा. हळद-मिरचीनंतर दळलेल्या भाजणीचा वास कशानेही जात नाही.

19 आणि 20: करंज्या

एका प्रमाणात पंचेचाळीसच्या आसपास करंज्या होतात. पारीसाठी पाव किलो मैदा, पाव किलो बारीक रवा, चिमूटभर मीठ. पाच मोठे चमचे तूप कडकडीत तापवून वर ओता. थंडीत कोमट मोहन पिठात मिसळेपर्यंत थिजतं आणि गुठळ्या होतात, म्हणून तूप धूर निघण्याच्या बेताला आलेलं हवं. चमच्याने हलवून हाताला सोसेल इतपत गार झालं की पीठ दोन्ही तळव्यांत चोळा. मूठ वळून ती टिकली की मोहन बरोबर झालं. कोमट दुधाने घट्ट भिजवा आणि ओल्या कापडाखाली दोन तास ठेवा. मग थोडं दूध लावून कुटा किंवा मिक्सरवर फिरवून मऊ करा.

सारणाला 300 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर गुलाबीसर भाजा आणि गार झाल्यावर हाताने चुरा. दोन चमचे खसखस भाजून कुटा. अर्धी वाटी रवा चमचाभर तुपात भाजा. चारोळी, वेलदोडा, जायफळ घाला. 300 ग्रॅम पिठीसाखर सगळ्यात शेवटी आणि सारण पूर्ण गार झाल्यावरच. गरम सारणात साखर पाणी सोडते आणि करंजी आतून मऊ पडते.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडचा खवा घरात असला की खव्याच्या करंज्यांचा मोह होतो. जरूर करा, पण 24 तारखेला, थोड्या, आणि दोन दिवसांत संपतील इतक्याच. पाहुण्यांच्या डब्यात आणि वाटपाच्या ताटात खव्याची करंजी घालू नका.

लाटायला बसताना चार जणी तरी हव्यात. आमच्याकडे मंडळीतल्या बायका पाळी लावतात, आज एका घरी, उद्या दुसऱ्या. एकीने लाटायचं, दुसरीने भरायचं, तिसरीने कातायचं, चौथीने तळायचं. भरलेल्या करंज्या ताटात ठेवल्या की लगेच ओलं, घट्ट पिळलेलं कापड वर टाका. या हवेत दहा मिनिटांत कडा वाळतात आणि तेलात गेल्यावर तोंड उघडतं. एकदा करंजी फुटली की सारण कढईत जळतं आणि पुढच्या सगळ्या करंज्यांना काळे ठिपके येतात. घाण्यात तसं झालंच, तर तिथेच थांबून तेल गाळून घ्या.

तळणाची आच मध्यमपेक्षा कमी. करंजी सोडल्यावर बुडबुडे शांतपणे यायला हवेत. थंडीने गार पडलेल्या करंज्या एकदम आठ-दहा सोडल्या तर तेल निवतं आणि त्या तेल पितात, म्हणून एका वेळी पाच-सहाच.

तेलाचा क्रमही लक्षात ठेवा. नव्या तेलात किंवा तुपात आधी करंज्या, मग गोड शंकरपाळी, मग खारी शंकरपाळी, मग चकल्या आणि शेवटी चिवड्याचे शेंगदाणे-खोबरं. उलट केलंत तर करंजीला तिखटाचा वास लागतो. अनारशांचं तूप कायम वेगळं.

21: शंकरपाळी आणि चकली

शंकरपाळीला तूप, साखर आणि दूध एकेक वाटी. तिन्ही एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळू नका. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा. साडेचार ते पाच वाट्या लागतो. गोळा अर्धा तास झाकून ठेवा, त्याहून जास्त नको, कारण आतलं तूप थिजून गोळा लाटता येत नाही. थिजलाच तर भांडं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, कोरडा मैदा किंवा पाणी घालू नका. जाडसर लाटा. मंद आचेवर तळा आणि रंग हवा त्यापेक्षा किंचित फिका असतानाच काढा, बाहेर आल्यावर तो गडद होतो. खारी शंकरपाळी ओवा, जिरे, मीठ आणि गरम मोहन घालून नेहमीसारखी.

चकलीला जेवढ्या वाट्या भाजणी, तेवढ्याच वाट्या पाणी. पाण्यात तिखट, मीठ, ओवा, तीळ आणि प्रत्येक वाटीमागे दीड चमचा तेल घालून उकळी आणा, गॅस बंद करून भाजणी घाला, हलवा, झाकून वीस मिनिटं ठेवा. मग लागेल तेवढाच गोळा काढून कोमट पाण्याच्या हाताने मळा. उरलेलं पीठ झाकूनच ठेवा. चकली पाडताना तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, थोडं पाणी लावून पुन्हा मळा. तळल्यावर मऊ पडत असेल तर पाणी किंवा मोहन जास्त झालं. तेवढ्या गोळ्यात दोन चमचे कोरडी भाजणी मळून पुढचा घाणा बघा. सोऱ्या दाबायचं काम घरातल्या मुलग्यांना आणि पुरुषांना द्या. त्याला हातात जोर लागतो आणि त्यांना नाताळच्या कामात वाटा मिळायला हवा.

22: अनारसे तळणं

सकाळी डबा उघडा. पिठाला गोडसर आंबूस वास आला पाहिजे. लिंबाएवढा गोळा हाताने मऊ करा. प्लॅस्टिकच्या कागदावर खसखस पसरून त्यावर गोळा ठेवा आणि बोटांनी थापा, कडेपेक्षा मध्ये थोडा पातळ.

कढई पसरट आणि तूप बेताचं. अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून सोडा. पहिल्यांदा तो तळाशी बसतो, काही क्षणांत वर येतो आणि मधोमध बारीक बारीक छिद्रं उघडायला लागतात. इथे आच वाढवू नका आणि अनारसा उलटू नका. झाऱ्याने कडेचं तूप त्याच्या वर हळूहळू उडवत राहा. छिद्रांची जाळी मधून कडेपर्यंत पसरते, खसखस पिवळसर होते, कड तांबूस दिसते. तेव्हा झाऱ्यावर घेऊन कढईच्या काठाला टेकवा, तूप गळू द्या आणि चाळणीत उभा ठेवा. आडवा ठेवला तर तूप आतच राहतं.

पहिला अनारसा नेहमी एकटाच सोडून बघा. तो तुपात पसरून विरघळला, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा हसला, तर गूळ किंवा ओल जास्त आहे. बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ इथे कामाला येतं: चार मुठी पिठाला एक चमचा घालून मळा, तासभर थांबा, पुन्हा एक सोडून बघा. जाळी पडलीच नाही आणि अनारसा कडक झाला, तर पीठ कोरडं आहे. दुधाचे चार थेंब किंवा पिकलेल्या केळ्याचा सुपारीएवढा तुकडा मळून घ्या. एक किलो तांदळाचे सत्तर-ऐंशी अनारसे होतात आणि नीट निथळले तर वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छान राहतात.

नानखटाई आणि केक: भट्टी की घर?

आपल्या गावांतून अजूनही बेकरीवाले घरचं सामान भाजून देतात. जिथे ती सोय आहे तिथे नानखटाई बेकरीतच न्यावी, कारण भट्टीचा ताव घरच्या भांड्याला येत नाही. पाऊण किलो मैदा, दीडशे ग्रॅम बेसन, शंभर ग्रॅम रवा, सहाशे ग्रॅम तूप, अर्धा किलो पिठीसाखर, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, वेलदोडा-जायफळ. तूप आणि साखर हाताने पांढरी होईपर्यंत फेसायची, मग बाकीचं मिसळायचं, पाणी अजिबात नाही. थंडीत तूप फेसलं जात नसेल तर परात उन्हात ठेवा, गॅसवर नको. वितळलेल्या तुपाची नानखटाई पसरून पापडासारखी होते.

बेकरीत 20 तारखेच्या आत सांगून ठेवा आणि 22 किंवा 23 ची वेळ मागून घ्या. 24 ला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पत्र्यांवर सगळ्यांच्या नानखटाया सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येक घराने आपली खूण ठरवलेली असते: कोणी मधोमध चारोळी दाबतं, कोणी बोटाने फुली काढतं, कोणी पिस्त्याचं काप लावतं. भट्टीतून पत्रे बाहेर आले की बायका त्या खुणा शोधून आपापले पत्रे उचलतात. नवीन असाल तर आधीच विचारून वेगळी खूण घ्या. गरम नानखटाई पत्र्यावरून लगेच काढू नका, मऊ असते, तुटते.

केक मात्र घरी करा, आणि 23 ला. फळांचा केक एक-दोन दिवस मुरला की चव वाढते. आदल्या रात्रीच 200 ग्रॅम लोणी आणि चार अंडी फ्रिजबाहेर काढून ठेवा. डिसेंबरच्या सकाळी बाहेरही लोणी कडक असतं, तेव्हा भांडं कोमट पाण्यावर दोन मिनिटं धरा.

कॅरॅमल आधी करून गार होऊ द्या. 100 ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळवा, गडद तांबडी होऊन धूर यायला लागला की गॅस बंद करा आणि अर्धी वाटी गरम पाणी किंवा सालीचा पाक कडेने घाला. ते जोरात उसळतं, त्यामुळे हात लांब ठेवा आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर काढा.

250 ग्रॅम मैद्यात दीड चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दालचिनी-लवंग-जायफळाची एक चमचा पूड घालून दोनदा चाळा. लोणी आणि 200 ग्रॅम पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसा. अंडी एकेक करून घाला. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा घातला की सावरतं. मग कॅरॅमल, मग मैदा तीन भागांत, हलक्या हाताने. भिजवलेला मेवा निथळून, सालीचे तुकडे आणि मूठभर काजू-अक्रोड दोन चमचे मैद्यात घोळवा आणि शेवटी मिसळा. घोळवला नाही तर सगळा मेवा तळाला बसतो.

ओव्हन असेल तर आठ इंची डब्यात 160 अंशांवर सव्वा तासाच्या आसपास. ओव्हन नसेल तर दोन सहा इंची डबे करा आणि जाड कढईत किंवा कुकरमध्ये एकेक भाजा. तळाला मिठाचा किंवा वाळूचा बोटभर थर, त्यावर तिवई, झाकण लावून पंधरा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून अगदी मंद आचेवर तासभर. कुकरची शिटी आणि झाकणाची रबर दोन्ही काढायची. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडू नका. विणायची सुई मधोमध घालून कोरडी निघाली की झाला. उलटा काढा, पूर्ण गार करा, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा आणि 25 तारखेपर्यंत कापू नका.

चाळीस माणसांची पंगत

25 तारखेची उपासना संपवून लोक घरी येतात तेव्हा दुपार झालेली असते आणि मुलं भुकेली असतात. अशा वेळी दहा पदार्थ मांडू नयेत. रस्सा, भात, भाकरी, एक शाकाहारी भाजी आणि एक गोड, एवढं पोटभर होतं.

मटण चाळीस जणांना सहा ते सात किलो. खाटकाला दोन दिवस आधी सांगा. घट्ट रश्श्यासाठी आपल्याकडे येसर आहेच. हे पीठ लग्नाच्या आमटीइतकंच नाताळच्या रश्श्यालाही शोभतं आणि खोबरं-काजूच्या वाटणाचा खर्च कमी करतं. दोन किलो कांदा तेलात लालसर परतून त्यावर आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ आणि मटण घाला, झाकणावर पाणी ठेवून आपल्याच पाण्यात अर्धा तास शिजू द्या. मग गरम पाणी, काळा मसाला आणि अर्धा किलो भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण. मटण नरम झाल्यावर पाव किलो येसर गार पाण्यात कालवून धार धरून सोडा आणि सतत हलवा. कोरडं येसर उकळत्या रश्श्यात टाकलं तर गुठळ्या होतात. त्यानंतर पंधरा मिनिटं मंद आच. रस्सा उभा राहिला की दाटतो, म्हणून सुरुवातीला थोडा पातळच ठेवा. भाताला चार किलो तांदूळ पुरतात. भाकऱ्या एका घरावर टाकू नका, चार-पाच घरांना दहा-दहा वाटून द्या.

मांसाहार न करणाऱ्यांसाठी वांग्याची भाजी किंवा येसर आमटी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने, आणि मटणाच्या आधी करून ठेवावी. ही काळजी मनापासून घ्यायला हवी. आपल्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला ताटाबद्दल शंका येता कामा नये.

गोडाला गव्हाची खीर. एक किलो सडून कोंडा काढलेले गहू रात्री भिजवून सकाळी कुकरला मऊ शिजवा, सव्वा किलो गूळ, खोबऱ्याचे काप, सुंठ, वेलदोडा घालून आटवा. इथे तो नवा मऊ गूळ खुशाल वापरा. दूध मात्र खिरीत घालून उकळू नका, फाटतं. वाढताना ज्याला हवं त्याच्या वाटीत वरून घाला.

ताटं आणि डबे

शेजारच्या घरांतून दिवाळीत फराळ आलेला असतो, तेव्हा नाताळचं ताट त्यांच्याकडे जातंच. कोणाकडे काय चालतं ते आधी आठवा. केकमध्ये अंडं आहे हे स्पष्ट सांगा आणि जिथे चालत नाही तिथे केकच्या जागी नानखटाई जास्त ठेवा. वर दिलेल्या नानखटाईत आणि बाकी फराळात अंडं नाही, ते निःशंक द्या. मार्गशीर्षातला गुरुवार आला असेल तर त्या घरी ताट दुसऱ्या दिवशी पाठवा. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्यासाठी चकली, खारी शंकरपाळी आणि चिवड्याचं वेगळं ताट केलं की त्यांना नाही म्हणायची वेळ येत नाही.

डब्यात भरताना प्रत्येक पदार्थ पूर्ण गार झालेला हवा. छापील वर्तमानपत्राची शाई तेलकट पदार्थाला लागते, त्याऐवजी कोरा कागद किंवा धुतलेलं सुती फडकं घ्या. चकली आणि गोड पदार्थ एका डब्यात नकोत. पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांना रेल्वेच्या प्रवासात नेता येतील असे छोटे पत्र्याचे डबे बरे: तळाला अनारसे उभे, वर करंज्या, मोकळ्या जागेत शंकरपाळी दाबून भरली की काही हलत नाही. केक वेगळा द्या.

31 तारखेच्या रात्रीच्या उपासनेनंतर चहाबरोबर काहीतरी लागतंच. त्यासाठी एक डबा 22 तारखेलाच भरून, झाकणाला कागदाची पट्टी चिकटवून, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवून द्या. त्यात अनारसे, चकली आणि खारी शंकरपाळी असावी, कारण केक आणि खिरीनंतर लोकांना तिखट-खारं जास्त आवडतं. चकली मऊ वाटली तर जाड तव्यावर मंद आचेवर पाच मिनिटं परतून गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होते.